शनिवारची लातूर गाडी

माझ्या मुलीला तिच्या नर्सिंग कॉलेजातल्या विद्यार्थी मंडळातून मी काढायला लावलं. त्यासाठी मला नांदेडला जावंसुद्धा लागलं नाही. क्लासच्या दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत, एका हातात चहाचा ग्लास धरून मी फोन केला आणि चहा निवायच्या आत काम उरकलं. तिला विचारलं नव्हतं. विचारावं असं मनातही आलं नाही. आज ती नर्स नाही, आणि त्याची सुरुवात त्या फोनपासून झाली. इतकी वर्षं मी याला बरीच वेगळी नावं देऊन पाहिली. कधी ताण म्हटलं, कधी तिचा स्वभाव, कधी नशीब. आता तसं काही म्हणणार नाही.

मी लातूरला खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आमच्या शहरात मूल दहावी झालं की पुढं काय, हा प्रश्न घरात फारसा निघत नाही. बाहेरगावची मुलं पेट्या घेऊन येतात, खोल्या भरतात, पहाटेपासून क्लासच्या रांगेत उभी राहतात. निकाल लागला की चौकात फ्लेक्स चढतात. त्या फ्लेक्सवर मुलांच्या फोटोंखाली, हाताची घडी घालून उभा असलेला मीही असायचो. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ज्याला पहिल्या वर्षी जमली नाही त्यानं ‘रिपीट’ करायचं. हा शब्द आमच्याकडे इतका सहज बोलला जातो, की तो म्हणताना आपण एखाद्या लेकराच्या आयुष्याचं पुरतं एक वर्ष मागतोय हे लक्षातही येत नाही. पालकांना तो सल्ला मी कितीदा दिला असेल. घरच्या लेकरालाही दिला.

माझ्या मुलीनं दोनदा रिपीट केलं. माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसून. त्या काळात तिनं एकदाही हात वर करून शंका विचारली नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, “पप्पा, मी नर्सिंगला जाते.”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “जाऊ द्या की तिला. लेकरू दोन वर्षं झालं, हसलं न्हाई.”

नांदेडच्या कॉलेजात प्रवेश झाला. मी तिला सोडायला गेलो, पेटी उचलून हॉस्टेलच्या खोलीपर्यंत नेली, सगळं केलं. पण लातूरला आल्यावर कुणाला सांगितलं नाही. उदगीरला सासरवाडीच्या एका लग्नात माझ्या साडूनं पंगतीत विचारलं, “काय करून राहिली पोरगी?”

“मेडिकललाच हाय,” मी म्हणालो. “नांदेडला.”

“वा. बापाचं नाव काढलं बगा.”

येताना बसमध्ये बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “नर्स मनायला जिभेला काटा टोचतो का वो तुमच्या?”

मी झोपेचं सोंग घेतलं.

पहिल्या वर्षी दर शनिवारी संध्याकाळी तिचा आईला फोन यायचा. बायको भाकरी थापत असायची, म्हणून फोन स्पीकरवर. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसायचो आणि ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकायचो. त्या फोनमध्ये हळूहळू एक शब्द वारंवार यायला लागला, मंडळ. शनिवारी दुपारी ड्युटी संपली की ही मुलंमुली प्रात्यक्षिकाच्या खोलीत जमायची. मंडळ म्हटल्यावर माझ्यापुढं वर्गणी, मांडव आणि स्नेहसंमेलनातले नाच उभे राहिले. मी मनात त्यावर टाइमपास असा शिक्का मारून मोकळा झालो.

पण तिच्या बोलण्यात नाच कुठेच नसायचा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला वरच्या वर्गातली एक ताई नेमून दिलेली असायची. पहिल्यांदा वॉर्डात जाताना ती ताई बरोबर चालायची. कॉलेजातून शिकून गेलेली मुलं सुट्टीत आली की मंडळात येऊन सांगायची, हैदराबादच्या दवाखान्यात काम कसं असतं, सरकारी भरतीची तयारी कशी करायची, पुढं शिकायचं तर काय काय वाटा आहेत. एकदा एक सिस्टर आल्या होत्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या विभागात काम करणाऱ्या. त्या दिवशीच्या फोनमध्ये माझी मुलगी थांबायलाच तयार नव्हती. “मम्मी, तळहाताएवढं बाळ असतंय. त्याला आईच्या छातीशी बांधून ठेवायचं, तेवढ्या उबेनं वजन वाढतंय. मला तिथंच काम करायचंय.”

कधी खोट्या मुलाखती व्हायच्या. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा चष्मा नाकावर आणून साहेब व्हायचा.

“तर सिस्टर, तुम्हाला आमच्याच दवाखान्यात कामून यायचंय?”

“घराजवळ हाय, सर.”

“मग घरीच बसा की.”

हे सांगताना ती हसत होती. बायकोही हसली, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. मी पेपरवरची नजर उचलली नाही. जी मुलगी माझ्या वर्गात दोन वर्षं गप्प बसली ती तिथं उभी राहून बोलत होती, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. खरं सांगायचं तर राग आला.

आणखी एक रीत तिनं आईला सांगितली होती. एखादीनं सांभाळलेला पेशंट गेला, तर त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही. मंडळातली कुणीतरी ताई तिला दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर घेऊन जायची. चहा पाजायचा आणि म्हणायचं, सांग. आजार कोणता, औषध कोणतं ते नाही. ते माणूस कसं होतं ते सांग. बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

“चांगलं हाय की,” बायको म्हणाली.

मला वाटलं, दवाखान्यात शिकायला गेलेल्यांनी असं रडत बसायचं म्हणजे कठीण आहे.

दुसऱ्या वर्षी तिला मंडळाचं सचिव केलं. त्याच सुमारास माझ्या डोक्यात आलं की तिनं अजून एकदा नीटची परीक्षा द्यावी. शेवटची. नर्सिंग चालू ठेवून. क्लासमध्ये रविवारी टेस्ट सिरीज असायची, त्यात मुलीचं नाव मीच घातलं. शनिवारी ड्युटी संपली की नांदेडहून दोनची गाडी धरायची, लोहा, अहमदपूर करत संध्याकाळी लातूर, रविवारी पेपर, पेपर झाला की परत. ती नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “पप्पा, शनिवारी मंडळाची बैठक असते. मी सचिव हाय. रविवारी पहाटे निघाले तर?”

“पहाटे निघून दमलेल्या डोक्यानं पेपर देणार?”

ती शनिवारी येऊ लागली. मग मंडळांच्या राज्य मेळाव्याची तारीख आली आणि ती नेमकी टेस्टच्या रविवारी होती. तिथं ती त्या तळहाताएवढ्या बाळांवर बोलणार होती. तिनं आईकडून माझ्या कानावर घातलं. त्यावर मी तो फोन केला.

मंडळाचं काम बघणाऱ्या मॅडमना वाटलं मी कौतुकासाठी बोलतोय. “सर, जोरात तयारी चालू आहे तिची. बाहुली घेऊन करून दाखवणार आहे ती.”

“तेच सांगायचं होतं. तिला मेळाव्याला नेऊ नका. आणि मंडळातूनही नाव कमी करा.”

“असं ती म्हणाली का?”

“मी सांगतोय की. वडील आहे मी.”

“सर, पहिल्या वर्षाची एक मुलगी तिच्याकडं आहे. ती हिच्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकत नाही. आणि हे काही अभ्यासाबाहेरचं नाही हो. पुढं नोकरीला उभं राहताना...”

“तिला नर्सची नोकरी करायचीच नाही, मॅडम.”

हे वाक्य माझं होतं. मी ते तिच्या नावावर खपवलं. आमच्या भागात मुलीच्या बापानं असं सांगितलं की पुढं कुणी वाद घालत नाही. मॅडमनीही घातला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईला नाही, मला.

“पप्पा, तुमी फोन केलता?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. शनिवारच्या फोनची गरज तशीही उरली नव्हती, कारण शनिवारी ती घरीच असायची. पण मंडळ हा शब्द आमच्या घरात पुन्हा कधी ऐकू आला नाही.

दोनेक महिने गेले असतील. त्या शनिवारी बायको माहेरी गेली होती, घरात मी एकटा. खिचडी टाकली होती. मुलगी आली, पिशवी ठेवली आणि ताटावर बसली. एक घास हातात घेऊन तशीच थांबली.

“पप्पा, आज माझी पेशंट गेली.”

मी खिचडीवर तेल घालत होतो. “दवाखाना म्हटल्यावर हे चालायचंच,” मी म्हणालो. “उद्या फिजिक्स जड काढलंय. जेव अन् पडून राहा.”

तिनं घास परत ताटात ठेवला. उठून मोरीत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. पाणी वाया जातंय, असं मी आतून ओरडून सांगितल्याचंही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिला आजवरचे सगळ्यात जास्त गुण पडले. मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. साडूनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी ते तिला दाखवायला गेलो तर ती बॅग भरत होती. तिनं पाहिलं आणि पुन्हा “बरं” म्हणाली.

त्यानंतर ती कमी बोलू लागली, मग कमी जेवू लागली. कॉलेजातून ड्युटीची हजेरी कमी पडल्याचा फोन आला, तेव्हाही मला वाटलं, चला, अभ्यासाकडं लक्ष वळतंय. एका रविवारी पेपर झाल्यावर ती परत निघालीच नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मी ओरडलो, समजावलं, बायकोनं दृष्ट काढली, डॉक्टरांना दाखवलं. नीटच्या दिवशी ती आवरून तयार झाली, चप्पल घातली आणि उंबऱ्यावरून मागं फिरली. नर्सिंगही तसंच राहिलं. बरेच महिने ती खोलीत होती. मग तिचा मामा म्हणाला, घरात बसून आजारी पडंल, माझ्याकडं लावून द्या. औशाला त्याचं कापडाचं दुकान आहे. तेव्हापासून माझी मुलगी रोज लातूरहून औशाला जाते आणि कापड मोजून देते. मामा म्हणतो, हिशेबाला पक्की आहे. ते ऐकताना मला मान वर करवत नाही.

यंदा हॉस्टेलमधून फोन आला की तिची पेटी अजून तिथंच आहे, घेऊन जा. ती म्हणाली, “राहू द्या.” मी गेलो.

तो शनिवार होता, हे मी ठरवून केलेलं नव्हतं. वॉर्डन बाई म्हणाल्या, सामानाच्या खोलीची किल्ली एका मुलीकडं आहे, ती मंडळात बसली आहे, तुम्ही तिथंच थांबा. मी प्रात्यक्षिकाच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसलो. पुढं पलंगावर सरावाचा पुतळा निजलेला, आणि भोवती पोरंपोरी. पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहून मुलाखत देत होती. आवाज इतका बारीक की मला ऐकूच येईना.

“मोठ्यानं सांग माय,” शेवटच्या वर्षातली एक जण म्हणाली. “पेशंट भैरा निघाला तर काय चिठ्ठी लिवणार का त्याला?”

सगळे हसले. ती मुलगीही हसली आणि दुसऱ्या वेळी तिनं आपलं नाव, गाव खणखणीत सांगितलं. मी तिथं बसून माझ्या वर्गातला शेवटचा बाक बघत होतो.

बैठक संपल्यावर तीच शेवटच्या वर्षाची मुलगी किल्ली घेऊन आली. कुणाची पेटी म्हटल्यावर तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

“तुमीच का ते फोनवाले सर?”

मी हो म्हणालो.

“मी त्यांची होते,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षाला त्या माझ्या ताई होत्या. माझा हात धरून न्यायच्या वॉर्डात. तुमचा फोन आला अन् मग मला दुसरी ताई दिली.” तिनं पेटीवरची धूळ ओढणीनं पुसली. “कशा हायत त्या?”

“औशाला असते. दुकानात.”

पेटीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. फाटकाबाहेर आल्यावर टपरीपाशी मी म्हणालो, “तुम्हा सगळ्यांची माफी मागायला पाहिजे मी.”

“आमची कामून, सर?” ती म्हणाली. “त्यांची पेशंट गेली त्या दिवशी आमी सगळ्या हिथं थांबलो होतो. चहा सांगितला होता. मंडळात असो नसो, त्या आमच्याच होत्या. पर त्या आल्याच न्हाईत. गाडी धरली त्यांनी.” मग तिनं विचारलं, “घरी बोलल्या असतील ना, तुमच्यापाशी?”

मी पेटी खाली ठेवली. तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही.

जाण्याआधी मी मॅडमना भेटलो. ती परत आली तर घेतील का, असं विचारलं. त्या चांगल्या बोलल्या, पण मधे बराच काळ गेला आहे, नियम आहेत, वरून विचारावं लागेल, म्हणाल्या. आणि आधी तिला यावंसं वाटायला हवं, असंही म्हणाल्या. हो-नाही काही हाती लागलं नाही. अजूनही लागलेलं नाही.

सोमवारी दुपारी मी क्लासला सुट्टी टाकून औशाला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मेहुणा मला बघून म्हणाला, “या दाजी, वाट चुकला का?” मी म्हणालो, हिला जरा चहाला नेतो. तो मुकाट्यानं गल्ल्यामागं जाऊन बसला.

स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. बापलेक असे कधी बसलोच नव्हतो. चहा आला. मला वर्गात पाठ शिकवता येतो, पण त्या मुलींना जे येतं ते येत नाही. तरी त्यांच्याकडून ऐकलं होतं तसंच म्हणालो, “त्या शनिवारी तुझी पेशंट गेली होती. ती कशी होती, सांग.”

तिनं ग्लास हातात धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, उठून जाईल. बसगाड्या येत होत्या, जात होत्या.

“म्हातारी होती,” ती म्हणाली. “उमरीकडची. जवळचं कुणी नव्हतं, पुतण्या यायचा कधी कधी. मला बाई मनायची. डोक्याला तेल लाव मनायची रोज. मी लावायचे. तुझ्या लग्नाला मला बोलीव, मी गाणे म्हनते मनायची.” ती थोडं हसली. मग तिचा आवाज बदलला. “त्या दिवशी ड्युटी संपताना तिनं माझा हात धरला. मनली, बस जरा. मी घड्याळाकडं बघितलं. दोनची गाडी गेली असती पप्पा. मी मनलं, आजी, सोमवारी बसते. ती सोडंना. एकेक बोट सोडवून हात काढून घेतला मी.”

मी तिच्या हाताकडं पाहिलं. उजवा हात तिनं डाव्या हाताखाली झाकून घेतला होता.

“जिन्यापर्यंत गेले. डबा विसरला मनून परत आले, तर पडदा ओढला होता. खाली कुणीतरी कळवलं होतं, फाटकापाशी सगळ्या थांबल्या होत्या माझ्यासाठी. मी मागच्या दारानं निघाले. काय सांगणार होते त्यांना? हात सोडवला मनून?”

मोरीतला नळ मला आत्ता ऐकू आला. चहावर साय धरली होती. मी टेबलावरून हात पुढं केला, तिनं तिचा दिला नाही, आणि मीही ओढून घेतला नाही. तसाच हात पुढं ठेवून मी म्हणालो, “चुकलं माझं, बाई. तो हात तू गाडीसाठी सोडवलास, अन् त्या गाडीत तुला मी बसवलं होतं. मंडळातून मी काढलं तुला, न विचारता. घरी येऊन सांगितलंस तेव्हा ऐकून घेतलं नाही. तू नर्स होतीस, अन् मला लोकांपुढं ते म्हणायची लाज वाटली. माफ कर मला.”